बिनपत्त्याचं झुडूप

कॉलनीतल्या नळांना मीटर बसले आणि सगळ्यांच्या आंघोळी एकदम आटोपशीर झाल्या, ते साल १९७३. आत्याच्या झुडपाचं प्रकरण घडलं ते त्याच साली.

आत्या खरं तर एकट्या भाचीची. पण ती लग्न होऊन गेली तरी तिनं लावलेली हाक मागेच राहिली. मग सख्खा भाऊ, वहिनी, शेजारीपाजारी, इतकंच काय, पाव घालणाराही तिला आत्याच म्हणायला लागला. टपाल खात्याच्या त्या कॉलनीत तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं बिऱ्हाड तिच्या नावावर होतं, आणि दादा-वहिनी तिच्याबरोबर राहायचे. दादाला गुडघ्यांमुळे नोकरी सोडावी लागली होती. गुडघे सोडून बाकी सगळ्या विषयांवर त्याची मतं ठणठणीत होती.

आत्या बेवारस टपालाच्या विभागात लिपिक होती. ज्या पत्रावर पत्ता नाही, किंवा आहे पण देवालाही लागणार नाही, असं प्रत्येक पत्र तिच्या टेबलावर यायचं. एकदा एका पाकिटावर नुसतं 'विहिरीजवळचे डॉक्टर, जे पूर्वी जाड होते, त्यांस' असं लिहिलेलं होतं. आत्यानं ते चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या हातात पोचवलं होतं. डॉक्टर पुन्हा जाड झाले होते म्हणून, नाहीतर दोनच दिवसांचं काम. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिच्या कागदावर एक ठिपका नव्हता. माणसांचे तिच्या मते दोनच प्रकार, पत्ता नीट लिहिणारी आणि न लिहिणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी लग्न वगैरे करावं की नाही, याबद्दल तिला शंका होती.

अशा बाईच्या हातून एकच गुन्हा घडला होता, आणि तो खिडकीखाली छातीइतका वाढून उभा होता.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी एक पुडी आली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, आत चिठ्ठी नाही. कागदाच्या घडीत घडी, तिच्यात आणखी घडी, वरून बारीक टाके घातलेले, आणि अगदी आत चिमूटभर बी. नियम स्वच्छ होता. तीन महिने वाट पाहायची, मग शेगडीत टाकायचं आणि वहीत 'नष्ट केले' असं लिहून सही करायची. आत्यानं तीन महिने वाट पाहिली, वहीत लिहिलं, सही केली आणि शेगडीपाशी गेली. पण ते टाके इतक्या निगुतीनं घातलेले होते की तिचा हात काही पुढे होईना. संध्याकाळी पुडी तिच्या पिशवीत, डब्याच्या खाली सापडली. ती तिथं कशी आली, याचा खुलासा आत्यानं स्वतःकडेसुद्धा कधी मागितला नाही.

फुटक्या बादलीत पेरलेल्या त्या चिमटीतून एकच रोप उगवलं आणि पुढं ते खिडकीखालच्या मातीत गेलं. त्याचं पान वरून हिरवंगार, चकचकीत, आणि पाठ मात्र पांढरी, लवदार, जणू अस्तर लावलेलं. देठापासून तीन शिरा सरळ टोकापर्यंत धावत गेलेल्या. चार वर्षांत त्यानं फूल म्हणून धरलं नव्हतं.

आणि मग नोटीस लागली. स्कूटर ठेवायला शेड बांधायची असल्यामुळे इमारतीसमोरची सगळी झाडंझुडपं काढण्यात येतील. मात्र ज्या झाडाची नोंद वहीत रीतसर होईल, ते वाचेल. मुदत एक महिना.

नोंद करायला जे अधिकारी आले, त्यांना कॉलनी बागसाहेब म्हणायची. टोपी घातलेले, किरकोळ अंगाचे, हातात फॉर्मांचा गठ्ठा.

"नाव?" त्यांनी विचारलं.

आत्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

"तुमचं नाही हो बाई, झाडाचं."

"ते मला माहीत नाही."

"मग मी लिहू काय?"

"झाड म्हणून लिहा."

"मागच्या वर्षी एकांनी तसंच लिहिलं होतं. फॉर्म परत आला, झाड गेलं." बागसाहेबांनी टोपी सारखी केली. "नाव, फुलाचा रंग आणि कुठून आणलं, तीन रकाने आहेत. तिन्ही भरले तर झाड राहील. नाहीतर तण."

तण! आत्याला तो शब्द असा लागला की रात्रीचं जेवण तिनं अर्धंच केलं. सव्वीस वर्षं सगळ्या मुलखाच्या निनावी पत्रांना घरं शोधून देणारी बाई, आणि तिच्याच दारात एक निनावी उभं! तिसऱ्या रकान्याचा विचार तर तिनं मनात येऊच दिला नाही.

बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर पोचली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. रंग कळायला फूल हवं, एवढं सगळ्यांना पटलं होतं. फूल कसं आणायचं, एवढ्यावरच मतभेद होते.

वरच्या मजल्यावर मुलाकडे निवृत्त हेडमास्तर राहत. ते म्हणाले, "लाड फार झालेत त्याचे. पाणी बंद करा. उपाशी राहिलं की अक्कल येते. मी पस्तीस वर्षं हेच केलंय."

"मुलांना उपाशी ठेवत होतात?" वहिनीनं विचारलं.

"डबा उघडू देत नव्हतो."

शेजारच्या बिऱ्हाडातल्या कंपाउंडरांना हे पटलं नाही. त्यांच्या मते झाडाला अशक्तपणा होता. त्यांनी दवाखान्यातल्या बाटलीत काहीतरी फिकट पाणी आणलं, बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवल्या आणि सांगितलं, "दिवसातून तीनदा, एकेक खूण. जेवणानंतर."

"कुणाच्या जेवणानंतर?" दादानं विचारलं.

यावर कंपाउंडर विचारात पडले आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या घ्या. सोयीचं पडेल."

वहिनी कुणाला न सांगता चहाचा चोथा घालत होती. म्हणजे झुडूप एकाच वेळी उपाशी होतं, औषधावर होतं आणि चहा पीत होतं. आठव्या दिवशी त्याची खालची पानं पिवळी पडली. तेव्हा हेडमास्तर कात्री घेऊन उतरले आणि 'केस वाढले की लक्ष उडतं' असं म्हणत, आत्या ऑफिसात असताना, समोरच्या बाजूचे सगळे शेंडे छाटून मोकळे झाले. संध्याकाळी आत्या फाटकातून आत आली आणि जागीच उभी राहिली. झुडूप पुढून शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखं दिसत होतं. हेडमास्तर गॅलरीतून अभिमानानं खाली बघत होते. आत्या त्यांच्याशी पुढचे तीन आठवडे बोलली नाही.

फूल नाही तर नाही, मग निदान वासावरून ओळखू, असं दादानं सुचवलं. त्यानं एक पान चुरगळलं आणि सगळ्यांच्या नाकाखाली धरलं. इतक्या दिवसांत हे कुणाला सुचलं नव्हतं. वास मंद होता, पण आला.

"लवंग," कंपाउंडर म्हणाले. "दातदुखीचा बोळा. डोळे मिटून सांगतो."

"मग मिटूनच ठेवा. निलगिरी आहे ही. सर्दीचं तेल," हेडमास्तर म्हणाले.

"पेरूचं पान वाटतंय," वहिनी म्हणाली.

"जांभूळ," दादा म्हणाला. "लहानपणी मी जांभळाच्या झाडावरून पडलोय. तो वास मी विसरणार नाही."

"पडताना वास घेत होतास?" आत्यानं विचारलं.

चौघेही हटेनात. चार वासांवरून शेवटी जुनी भांडणं निघाली. कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीचं पाणी कुणाच्या अंगावर पडलं होतं, इथपर्यंत गोष्ट गेली. आत्या एक पान उचलून तिथून निघाली आणि खिडकीत जाऊन बसली.

तिला ऑफिसातली एक सवय होती. कुठलंही पाकीट हातात आलं की ते आधी उजेडासमोर धरायचं, आत दुसरा पत्ता दिसतो का ते पाहायला. ती उघडणं नव्हे, नुसतं पाहणं. त्याच सवयीनं तिनं हातातलं कोवळं पान बोटानं पुसलं आणि उजेडासमोर धरलं.

पानभर भोकं होती. भोकं म्हणजे खरी भोकं नव्हेत. सुईच्या टोकानंही पडणार नाहीत असे बारीक बारीक ठिपके, शेकडो, हजारो, आणि प्रत्येकातून उजेड झिरपत होता. चार वर्षं ती त्या झुडपाला पाणी घालत होती, त्याच्याशी बोलत होती, त्याच्यावर रागावत होती, आणि त्याच्या एकेका पानात चांदण्यांनी भरलेलं एक आभाळ आहे, हे तिला माहीत नव्हतं. बाहेर चादरीवरून वाद चालूच होता. आत्याला तो ऐकू येईनासा झाला. तिनं पान खाली ठेवलं, पुन्हा धरलं, पुन्हा ठेवलं. मग कागद काढला.

दूरच्या एका शहरात झाडांचा अभ्यास करणारं सरकारी कार्यालय होतं. त्यांना तिनं दोन पानी पत्र लिहिलं. पाठीचा पांढरा रंग, तीन शिरा, ठिपके, वासाविषयीची चार मतं, सगळं लिहिलं. सोबत पान ठेवलं. पाकिटावर पत्ता असा घातला की आंधळ्यानंही पोचवावा. तो तीनदा तपासला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं.

अकराव्या दिवशी तिच्या टेबलावर नेहमीच्या बेवारस गठ्ठ्यात एक सरकारी पाकीट आलं. त्यावर लिहिलं होतं, 'ज्या बाईंनी पांढऱ्या पाठीचं पान पाठवलं, त्यांस. गाव शिक्क्यावरून लावले आहे.'

"काय बेजबाबदार बाई असेल!" आत्या मोठ्यांदा म्हणाली. "उत्तर मागवायचं आणि स्वतःचा पत्ता..."

मग तिचे कान तापले.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते लावण्यात गेली होती. तिची सगळी माणसं तिच्याच घरात राहत असल्यामुळे स्वतःचा पत्ता कागदावर लिहायची वेळच आली नव्हती. तिनं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. मुदतीला आठ दिवस उरले होते, उत्तर हातात होतं आणि ती ते फोडू शकत नव्हती. बेवारस पत्र फक्त साहेबांनी, दोन साक्षीदारांसमोर फोडायचं. विभागातल्या नोकरानं बेवारस वस्तूवर हक्क सांगायचा तर आधी आत काय आहे ते सांगायचं आणि ती वस्तू आपली कशी, हे सिद्ध करायचं. हा नियम तिनंच सगळ्यांना पाठ करायला लावला होता. साहेबांनाही.

साहेब तिच्याहून दहा वर्षांनी लहान, सज्जन, आणि लवंग चघळायची सवय असलेले. आत्या पाकीट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाव आहे."

"कुणाचं?"

"माझ्या झुडपाचं."

"काय नाव?"

"तेच तर आत आहे, साहेब!"

"म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आत्या, मी तुम्हाला काय शिकवणार? बरं, झुडूप तुमचंच हे तरी दाखवता येईल? कुठल्या रोपवाटिकेतून आणलं, त्याची पावती वगैरे?"

इथं आत्याला एक शब्द पुरला असता. 'हरवली' म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती, कारण आत्यावर अविश्वास दाखवणं त्या इमारतीत कुणाला जमलंच नसतं. विभागप्रमुखाची जागा दोन महिन्यांत रिकामी होणार होती आणि ती कुणाला मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. पंखा वर कुरकुरत फिरत होता. आत्याला खिडकीतलं ते पान आठवलं.

"साहेब," ती म्हणाली, "चार वर्षांपूर्वी एक पुडी नष्ट केली म्हणून मी सही केली होती. ती मी नष्ट केली नाही. हे झुडूप त्या पुडीतलं."

साहेबांनी दोन साक्षीदार बोलावले आणि पाकीट फोडलं.

उत्तर एका शास्त्रज्ञानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. साहेब मोठ्यानं वाचू लागले. पानातले ठिपके म्हणजे सुगंधी तेलाच्या पिशव्या. उजेडात त्या चमकतात. अशा पिशव्या असलेलं एक मोठं कुळ आहे आणि आपलं झुडूप बहुधा त्यातलंच. वासाबद्दल आपल्या घरी चार मतं पडली, असं आपण लिहिता. आपल्या घरच्यांना माझं अभिवादन कळवावं. निलगिरी, पेरू, जांभूळ आणि लवंग ही चारही झाडं याच कुळातली, एकमेकांची भावंडं.

"म्हणजे सगळेच बरोबर?" आत्या खुर्चीत बसली. साहेबांसमोर न विचारता बसायची तिची ती पहिलीच वेळ.

साहेबांचं लक्ष पुढच्या ओळीवर होतं. "लवंग ही या कुळातल्या झाडाची न उमललेली कळी होय," त्यांनी वाचलं आणि थांबले. खिशातून डबी काढली, एक लवंग तळहातावर घेतली. चार पाकळ्यांचं ते चिमुकलं डोकं, खाली देठ. "ही कळी?" ते हळूच म्हणाले. "मी वीस वर्षं फुलं चावतोय?" दोन्ही साक्षीदार वाकून पाहू लागले. त्या खोलीत चार प्रौढ सरकारी माणसं एका लवंगेभोवती गोळा झाली. साहेबांनी ती लवंग परत डबीत ठेवली.

"पत्र घेऊन जा," शेवटी ते म्हणाले. "ताकीद उद्या टाइप होईल. मला करावी लागेल, आत्या."

"करायलाच हवी," आत्या म्हणाली.

पत्राचा शेवट मात्र पंचाईतीचा होता. नुसत्या पानावरून नेमकं नाव सांगता येत नाही, फूल पाठवावं.

"आडनाव कळलं, नाव नाही," बागसाहेब म्हणाले. "आडनावावर नोंद होत नाही. असं केलं तर अर्ध्या गावाची एकाच रकान्यात होईल."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते सकाळी आठला आले. बरोबर कुऱ्हाडवाला. हेडमास्तर, कंपाउंडर, दादा सगळे खाली उतरले. आत्या झुडपापुढे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात झुडूप आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पडलेला टॉवेल काढायला गेलेली वहिनी ओरडली, "अहो आत्या! हे मागून फुललंय!"

सगळे महिनाभर पुढून बघत होते. कात्री पुढूनच चालली होती. भिंतीकडच्या फांद्यांना कुणाचा सल्ला पोचलाच नव्हता, आणि त्यांच्यावर पानांच्या बगलेत तीन फुलं उमलली होती. पाच पाकळ्या, आणि मधोमध तंतूंचा झुपका, प्रत्येक तंतूच्या टोकावर सोन्याचा कण. आत्या तंतू मोजायला लागली आणि ऐंशीनंतर चुकली. कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तोही मोजायला लागला.

"रंग गुलाबी," बागसाहेबांनी फॉर्म काढला.

"पांढरा आहे," दुसऱ्या फुलाकडे बोट करून कंपाउंडर म्हणाले.

तिसरं ना धड गुलाबी, ना धड पांढरं.

"एका झाडाला एकच रंग," बागसाहेब म्हणाले. "दोन झाडं गुंतली असणार. एक तोडावं लागेल."

सगळ्यांनी खाली बसून खोड पाहिलं. एकच होतं. बागसाहेबांनी दोनदा पाहिलं. मग आत्या म्हणाली, "तुम्ही तीन दिवस द्या." तिनं गुलाबी फुलाच्या देठाला दोरा बांधला, ऑफिसात पार्सलाला बांधतात तशी चिठ्ठी अडकवली आणि तारीख, वेळ, रंग लिहिला. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. हेडमास्तर नेमके आत्याशेजारी उभे होते. ते पुटपुटले, "शेंडे मी कापायला नको होते."

"नव्हतेच," आत्या म्हणाली. तीन आठवड्यांनी बोललेलं तेवढंच, पण बोलली.

बागसाहेब संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आधी आले, मग जेवणाच्या सुट्टीत, मग संध्याकाळी. कुणी बोलावलं नव्हतं. चिठ्ठीवर ते स्वतः नोंद करत होते. 'किंचित फिकट.' 'आणखी फिकट.' 'कडेनं पांढरं.' तिसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्याचं फूल जवळजवळ पांढरं झालं होतं आणि त्याच्या शेजारी एक नवं, गडद गुलाबी उमललं होतं. म्हणजे फुलं दोन रंगांची नव्हती. एकच फूल गुलाबी जन्माला येऊन पांढरं होत होतं, आणि झुडपावर सगळी वयं एकाच वेळी नांदत होती.

बागसाहेबांनी टोपी काढली. कॉलनीत कुणी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. "बावीस वर्षं रंग लिहितोय मी," ते म्हणाले. "कधी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं नाही."

मग त्यांनी फॉर्म भरला. रंग: 'बदलता. समक्ष खात्री केली.' कुठून आणलं: 'टपालाने.' आत्या काही बोलायच्या आत ते म्हणाले, "खोटं आहे का?" नावाचा रकाना त्यांनी पेन्सिलीनं 'येत आहे' असा भरला. तीन आठवड्यांनी ते नाव खरंच आलं, या वेळी थेट घरी, कारण आत्यानं आपला पत्ता पाकिटावर, पत्रावर आणि फुलाच्या डबीवर अशा तीन ठिकाणी घातला होता. ऱ्होडोमिर्टस टोमेंटोसा. म्हणजे गुलाबी रंगाचं, अंगावर लव असलेलं. दादानं ते नाव दहा वेळा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, "जांभूळच ते."

स्कूटरची शेड बांधली गेली. तिचं छप्पर एका कोपऱ्यात कापलेलं होतं आणि त्याचं कारण नंतर आलेल्या भाडेकरूंना कधीच कळलं नाही. झुडूप पुढं तेवीस वर्षं फुललं. त्याला जांभळी, मखमली फळंही धरली. हेडमास्तर दोनच वर्षांनी गेले. शेवटच्या आजारात ते रोज एक फूल मागवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत पडायचे. कंपाउंडरांनी स्वतःचं दुकान काढलं. बागसाहेबांना बढती मिळाली नाही, कारण त्यांच्या नोंदींना फार वेळ लागू लागला होता. त्यांच्या वहीत म्हणे एकेका झाडाला चार-चार पानं असत. साहेबांनी लवंग सोडली. दादा गुडघ्यांसकट ऐंशी वर्षं जगला, आणि वहिनी त्याच्यानंतर सहा वर्षं आत्याच्या सोबतीला होती.

विभागप्रमुखाची जागा आत्याला मिळाली नाही. ती दुसऱ्या एका लिपिकाला मिळाली, आणि त्याला अवघड अक्षर वाचता येत नसल्यामुळे पुढची नऊ वर्षं तो सगळी पत्रं आत्याकडेच आणायचा. निवृत्त होताना आत्यानं खात्याकडे एकच वस्तू मागितली, त्या ताकिदीची प्रत. ताकिदीची प्रत देता येत नाही, असं तिला लेखी कळवण्यात आलं. त्यानं काही अडलं नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला शेजारणीचं नाव आठवायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण कुणी नोकरीचा विषय काढला की ती पाठ ताठ करून बसायची आणि एकही शब्द न चुकता म्हणून दाखवायची:

"सदर लिपिक यांनी नष्ट करावयाचे बियाणे नष्ट न करता चार वर्षे जगविले, याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे."